तळ्याकाठचा हिवाळी पाहुणा



पन्हाळ्याच्या सादोबा तळ्याकाठी किंवा आपल्या गावतळ्यावर सकाळी जरा थांबा. परटाने धुणे आपटावे तशी शेपटी वरखाली करीत चिखलात तुरुतुरु धावणारा, चिमणीहून सडपातळ पक्षी दिसेल. हाच धोबी. हिमालय व त्याच्याही उत्तरेकडून तो हिवाळ्यापुरता येतो, एप्रिलपर्यंत परततो. उसाला पाणी सोडले की पाटाकडेला हा हजर! पिकाच्या दाण्याला शिवत नाही. किडे, माश्या, अळ्या टिपतो. मुलांना गलोलीने मारू देऊ नका.

आणि फवारणीचा पंप तळ्यात मुळीच धुऊ नका. औषधाने पाण्यातले किडे मरतात, धोब्याचे खाद्य जाते; तेच पाणी आपली गुरेही पितात. पंपाचे धुवण तळे-विहिरीपासून लांब, पडीक जागेत खड्डा काढून ओता.