ऑटोकॅड काय विचारते ते आधी ऐका

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. पण पुतणी बांधकामाचे नकाशे काढते आणि तिच्यासाठी मी अधूनमधून ऑटोलिस्पच्या चार-दोन ओळी लिहून देतो, त्यामुळे या विषयावर माझी मते बनली आहेत. ती आता कुठेतरी मांडायलाच हवीत!

ऑटोकॅड १९८२ साली आले आणि ऑटोलिस्प १९८६ साली. त्यातले ‘कमांड’ हे फंक्शन सगळ्यात सोपे. हाताने जे टाइप केले असते तेच कंसात ओळीने लिहायचे. गोम अशी की हे फंक्शन समोरचा प्रश्न ऐकतच नाही. तोंडी परीक्षेत पाठ केलेली उत्तरे क्रमाने म्हणून टाकणारी मुले असतात ना, अगदी तसे. मास्तरांनी एक प्रश्न गाळला की पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात.

‘टेक्स्ट’ कमांडचेच बघा. ती जागा, अक्षरांची उंची, कोन आणि मजकूर असे चार प्रश्न विचारते. पण चालू टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची आधीच ठरवलेली असेल तर उंचीचा प्रश्नच येत नाही. मग आपण उंची म्हणून दिलेले २.५ कोनाच्या प्रश्नाला जाते, कोनाचे शून्य मजकूर होते, आणि नकाशावर अडीच अंश तिरके ‘०’ उमटते. उरलेला ‘किचन’ शब्द कमांड समजून ऑटोकॅड सांगते, अशी कमांड मला माहीत नाही. आता स्क्रिप्ट शंभरदा वाचली तरी यातले काय कळणार? चूक तिच्यात नाही, त्या फाइलच्या स्टाइलमध्ये आहे. म्हणून ‘सीएमडीइको’ १ करावे, स्क्रिप्ट चालवावी आणि एफ-२ दाबून प्रश्नोत्तरे वाचावीत. तरी नाही उमगले तर त्याच फाइलमध्ये तीच कमांड हाताने देऊन पाहावी.

असो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरी भीती न दिसणाऱ्या चुकीची. ओस्नॅप चालू असेल तर स्क्रिप्टने दिलेला अचूक बिंदूसुद्धा ऑटोकॅड जवळच्या टोकाला चिकटवते. हे ‘जवळ’ पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये मोजले जाते. म्हणजे नकाशा मोठा करून पाहात असाल तर रेघ बरोबर पडते, लहान करून पाहात असाल तर शेजारच्या भिंतीच्या कोपऱ्यावर जाऊन बसते. “काल चालत होते, आज चालत नाही,” ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. ऑटोकॅड अवाक्षर काढत नाही, आणि साइटवरचा माणूस कागदावर आहे तसाच कॉलम आखतो.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे सुरुवातीला ‘ओस्मोड’ शून्य करा आणि शेवटी पूर्ववत करा. मला हा उपाय मुळीच पसंत नाही. मध्येच कोणी एस्केप दाबले की शेवटची ओळ चालतच नाही. ओस्नॅप बंद पडलेले त्या बिचाऱ्या मुलीला कळत नाही, आणि ती पुढचा तासभर टोके न जुळणाऱ्या रेघा काढत बसते. तुम्ही स्क्रिप्ट देऊन मोकळे, निस्तरायचे तिने! हे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे हलवून ठेवण्यासारखे आहे. त्यापेक्षा प्रत्येक बिंदूच्या आधी अंडरस्कोर लावून ‘नॉन’ लिहावे. ते त्या एका बिंदूपुरते ओस्नॅप बाजूला ठेवते, तिच्या सेटिंगला हात लावत नाही. टायपिंग वाढते, कबूल. अगदी ‘ओस्मोड’ बदलायचेच असेल तर स्वतःचे ‘एरर’ फंक्शन लिहून त्यात जुनी किंमत परत ठेवण्याची सोय करा.

कमांडच्या नावाआधी अंडरस्कोर आणि टिंब लावायलाही आळस करू नये. अंडरस्कोरमुळे ती जर्मन ऑटोकॅडमध्येही ओळखली जाते आणि टिंबामुळे कोणी कमांडचा अर्थ बदलून ठेवला असला तरी मूळचीच चालते.

जाणकार म्हणतील, ‘कमांड’ हवेच कशाला, ‘एंटमेक’ने थेट रेघ तयार करा, तिथे प्रश्नही नाहीत आणि ओस्नॅपही नाही. बरोबर आहे, शेकडो रेघा काढायच्या तर मीही तेच करतो. पण त्यातले डीएक्सएफचे आकडे, १० म्हणजे सुरुवातीचा बिंदू नि ११ म्हणजे शेवटचा, हे पुतणीला वाचता येत नाहीत. ‘कमांड’ची ओळ तिला वाचता येते, आणि मी नसताना दुरुस्तही करता येते.