पाठीतल्या पाण्याची भीती

‘पाठीतलं पाणी काढलं का लेकरू लुळं पडते.’ जळगाव जामोदपासून लोणारपर्यंत बुलढाणा जिल्ह्यात हे ऐकायला मिळतं. तापात आकडी आलेलं मूल दवाखान्यात पोचतं, डॉक्टर मेंदूज्वराची शंका बोलून दाखवतात, पाठीतलं पाणी तपासायला काढण्यासाठी कागदावर सही मागतात, आणि नेमकं त्याच वेळी सोबत आलेलं कुणी वडीलधारं आडवं येतं. ही माणसं लेकराची वैरी नसतात. शेजारच्या गावातल्या एका पोराचं पाणी काढलं होतं. ते पुढे बहिरं झालं, किंवा गेलंच, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पाहिलेलं खरं, पण त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा. पाणी कुणाचं काढतात? ज्याच्या मेंदूच्या आवरणाला जंतूंनी सूज आणल्याचा संशय आहे, त्याचं. म्हणजे सुई टोचण्याआधीच ते मूल संकटात असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिवाणूंच्या मेंदूज्वरात साधारण 6 पैकी 1 रुग्ण दगावतो आणि 5 पैकी एकाच्या मागे गंभीर दुखणं लागतं. ऐकू न येणं, हातापायातली ताकद जाणं, पुढे फिट येत राहणं, हे सगळं आजाराचं देणं. सूज मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते, त्या तुंबतात, तेवढा भाग निकामी होतो. खापर मात्र सुईवर फुटतं, कारण सुई सगळ्यांसमोर टोचलेली असते आणि सूज कुणाला दिसत नाही.

ती सुई जाते कुठे, तेही बघू. मुलाला कुशीवर निजवून सिस्टर त्याची मान आणि गुडघे पोटाकडे वाकवून घट्ट धरतात. कमरेच्या मणक्यांमधली फट मोकळी होते, आणि मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई घालतात. तिथे पाण्यात मोकळे सुटलेले मज्जातंतू असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. दोन-तीन मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने बाटलीत पडतं. शरीर ते काही तासांत भरून काढतं. निरोगी मुलाचं पाणी नितळ असतं. पू झाला असेल तर ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ येतं, आणि अहवाल यायच्या आधीच डॉक्टरांचा चेहरा बदलतो. नंतर कंबर किंवा डोकं दुखू शकतं. मेंदूवरचा दाब फार वाढला असेल तर सुईत धोका आहे. तेव्हा डॉक्टर स्वतःच ती पुढे ढकलतात, पण औषध थांबवत नाहीत.

दुसरा आक्षेप शिकल्यासवरल्या घरांतून येतो: तापात झटके येतातच, आमच्याही मुलाला आले होते. यात तथ्य आहे. 6 महिने ते 5 वर्षं या वयात 100 पैकी 2 ते 5 मुलांना तापाची आकडी येते. सगळं अंग झटकतं, पंधरा मिनिटांच्या आत थांबतं, दिवसातून एकदाच येतं, आणि थोड्या वेळाने मूल पुन्हा ओळख दाखवतं. अशा प्रत्येक मुलाचं पाणी काढा, असं कुणीच म्हणत नाही. पण जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या मुलांतही 20 ते 30 टक्क्यांना झटके येतात, बरेचदा पहिल्या दोन दिवसांतच. आकडी एकाच बाजूला आली, लांबली, त्याच दिवशी पुन्हा आली, किंवा थांबल्यावरही मूल गुंगीतच राहिलं, तर ‘तापाचेच झटके’ म्हणून घरी नेणं हा जिवाशी खेळ आहे. वर्षाच्या आतल्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. टाळू फुगते, दूध सुटतं, उचललं की ते जास्तच रडतं. आणि गावातच दोन दिवस इंजेक्शनं घेऊन आलेल्या मुलाची लक्षणं बोथट झालेली असतात. तिथे तर पाण्याची तपासणी अधिकच गरजेची.

राहिली बाहेरची बाधा. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास बाधा उतरवायला दूरदूरहून माणसं येतात. तिथल्या श्रद्धेबद्दल मला वाद घालायचा नाही. नवस पुढच्या महिन्यातही फेडता येतो. मेंदूज्वराला तेवढी सवड नसते. आकडीत कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्यात जाणारी मिनिटं वायाच जातात. मुलाला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 लावा.

बुलढाण्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी अनेक आईबापांना अजून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा संभाजीनगरला घाटी रुग्णालयात पळावं लागतं. म्हणून माझं मागणं डॉक्टरांकडेही आहे. सही मागण्याआधी त्या आजीला सुई कुठे जाते ते हाताने दाखवा. ‘रिस्क आहे, सही करा’ एवढ्यावर कुणाचीच भीती जात नाही. मेंदूज्वराच्या काही जंतूंपासून वाचवणारी न्युमोकोकलची लस सरकारी लसीकरणात 2021 पासून देशभर आहे, पेंटाव्हॅलंट त्याआधीपासून. तापाच्या प्रत्येक मुलाचं लसीचं कार्ड मागा. आणि संशय पक्का असेल, पाणी काढायची सोय नसेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊनच मूल पुढे पाठवा. त्याने पाण्यात जंतू वाढवून बघणं अवघड होतं, पण पेशी आणि साखर बरंच सांगून जातात. कोणतं औषध, किती वाजता दिलं, तेवढं रेफरच्या चिठ्ठीवर वाचता येईल अशा अक्षरात लिहा.