विश्लेषण : ‘लिव्हिंग विल’ केले, पण ऐनवेळी ते अमलात कोण आणणार?

बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांच्या आधारे जगवू नका, असे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क भारतीयांना २०१८ पासून आहे. तरीही आयसीयूच्या दारात उभ्या कुटुंबाचा पेच सुटलेला नाही.

दयामरण कायदेशीर आहे का?
इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे, म्हणजेच सक्रिय दयामरण, भारतात गुन्हा आहे. नेदरलँड्स, बेल्जियममध्ये २००२ पासून त्याला सशर्त मुभा आहे. आपल्याकडे मुभा आहे ती व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवण्याची किंवा सुरूच न करण्याची. हे निष्क्रिय दयामरण.

सुरुवात कुठून झाली?
मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर सुमारे ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्यांचा सांभाळ करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा याचिकेला विरोध होता. मात्र त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाट खुली केली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये असल्याचे स्पष्ट केले.

इच्छापत्र कसे करायचे?
कोणतीही सज्ञान, सुदृढ मनाची व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर ते करू शकते. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल, त्यांची नावे त्यात लिहायची. २०२३ च्या सुधारणेमुळे न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे जाते. इच्छापत्र केव्हाही रद्द करता येते.

उपचार थांबवण्याचा निर्णय कसा होतो?
रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. दुसरे मंडळ ते तपासते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असतो. इच्छापत्र नसल्यास कुटुंबाच्या संमतीने याच मार्गाने जाता येते.

मग अडते कुठे?
गरज पडल्यावर मंडळासाठी धावाधाव करायची वेळ आली, तर ४८ तासांच्या मुदतीला अर्थ उरत नाही. मोठ्या रुग्णालयांनी मंडळे आधीच तयार ठेवली पाहिजेत. संसदेनेही न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे रूप द्यावे, म्हणजे डॉक्टरांची भीती कमी होईल. वाढत्या बिलामुळे उपचार थांबवण्याचा दबाव येणे हाही धोकाच आहे. म्हणून दुहेरी तपासणी हवीच. पण ती वेळेत व्हायला हवी. आणि घरच्यांना माहीतच नसलेले इच्छापत्र कपाटातच राहते. म्हणून सही करण्याआधी घरात एकदा मोकळेपणाने बोलायला हवे.