पलंगाचे खूर

पलंगाच्या पायास मराठीत खूर म्हणतात. (‘खुर्ची’चा मात्र या खुराशी संबंध नाही, ती अरबी ‘कुर्सी’वरून आली.) हे नाव देणाऱ्यास लाकडात एखादे चतुष्पाद जनावर दिसले असले पाहिजे. इजिप्तमधील कारागिरांनाही ते सुमारे ५००० वर्षांपूर्वी दिसले होते. पलंगास त्यांनी बैलाचे पाय कोरले. पुढचे दोन पुढच्या पायांसारखे, मागचे दोन मागच्या पायांसारखे, आणि चारही एकाच दिशेने चालू लागल्यासारखे! १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या सिंहासनास तर सिंहाचे पंजे आहेत.

पण एवढे दूर कशाला जावे? आमच्या हिंगोली जिल्ह्यातील जुन्या घरांतही कोरीव खुरांचे पलंग अद्याप आढळतात. फरशीची ओल प्रथम खुरात शिरते, वाळवीही तेथूनच चढते. मग घरची मंडळी चारही खूर करवतीने कापून टाकतात. पलंग बुटका झाला तरी झोपण्यास पुरतो, असे त्यांचे म्हणणे. मला हे मुळीच मान्य नाही. जुन्या सामानाचा काळ ओळखताना जाणकार पुष्कळदा प्रथम त्याचे पायच पाहतात. ते गेले की ती खूण कायमची नाहीशी होते. कुजलेला तेवढाच भाग काढून चांगला सुतार नवे लाकूड सांधून देतो, आणि खाली पितळी टोपण बसविले की फरशीवरील पाणी लाकडास लागत नाही.