घाटातली सळई
धामणगाव बढेहून मोताळामार्गे बुलढाण्याला जायचं तर राजूर घाट चढावा लागतो. तिथला आपला काळा कातळ दिसतो अभेद्य. पण या बेसॉल्टला उभ्या भेगा असतात आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पावसात तो भिजून मऊ झाला, की वरच्या धोंड्याला घसरायला निमित्तच हवं. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळली, तेव्हा सगळ्यांना दरड रोखणाऱ्या जाळ्या नि बोल्ट आठवले. हा बोल्ट म्हणजे खडकात बसवायची सळई; ती भिंतीत खिळा ठोकावा तशी बसत नाही. भेग ओलांडून मागच्या पक्क्या खडकात छिद्र न्यायचं, हवेच्या झोताने भुकटी उडवायची, सळई सारून तळापासून सिमेंटचा पातळ गारा भरायचा. तो कडक झाला की बाहेर पोलादी चकती लावून नट आवळायचा. भुकटी राहिली तर गारा खडकाला धरत नाही, म्हणून काही सळया जॅकने ओढून पाहतात. जाळी लांबूनही दिसते, फोटोतही येते. मला विचाराल तर आधी पाणी निचरायची छिद्रं बघावीत. ती बुजली की भेगेत साठलेलं पाणीच धोंड्याला बाहेर रेटतं.