शिक्षा वाढवून कोयता थांबेल काय?

पुण्याच्या उपनगरांत २०२२ च्या अखेरीस ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला आणि त्यामागोमाग कडक शिक्षेची मागणीही. ही मागणी केवळ बंगल्यांतून उठते असे समजणे चूक आहे. ज्याच्या हातगाडीवर टोळक्याने वार केले, कर्ज काढून घेतलेल्या ज्याच्या रिक्षाची काच मध्यरात्री फुटली, तो कष्टकरीच ती करीत असतो. तिला भावनेचा उद्रेक म्हणून बाजूला सारणाऱ्या पुरोगाम्याचे वस्तीत कोणी ऐकून घेणार नाही. आणि ते योग्यच होईल. दारिद्र्याकडे बोट दाखवून मोकळे होणे हा तर त्याच चाळीत राहून पहाटे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाचा अपमान आहे.

परंतु कायद्यातील शिक्षा खरोखरच अपुरी आहे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ नुसार खुनाच्या प्रयत्नात इजा झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. घातक शस्त्राने गंभीर दुखापत केल्यास किमान एक वर्ष व कमाल जन्मठेप. टोळीला १९९९ चा मोक्का लागला, तर किमान पाच वर्षे. शिवाय १९८१ च्या कायद्याने खटल्याविनाच वर्षभर स्थानबद्ध ठेवता येते. आणीबाणीत ज्यांनी मिसाखाली तुरुंग भोगला त्यांच्या वारसांनी तरी या सोयीचे कौतुक करू नये.

उणीव आहे ती निकालाची. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती गुन्हेगाराला अधिक आवरते, हे इटलीच्या बेकारियाने १७६४ सालीच मांडले होते. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा सिद्ध व्हावयाचाच होता. निकाल लागेपर्यंत साक्षीदार त्याच गल्लीत राहतो, जामिनावर सुटलेला आरोपीही तिथेच. मग साक्ष फिरते. पोलीस आरोपींची वस्तीतून धिंड काढतात, त्याने टाळ्या मिळतात. खटल्याला पुरावा मिळत नाही आणि पोराला हवी ती कुप्रसिद्धी मात्र फुकट मिळते.

खरा पेच अल्पवयीनांचा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो, पण किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यातच. खुनाच्या प्रयत्नाला अशी किमान शिक्षा नाही. ज्या गुन्ह्याला ती नाही तो या वर्गात मोडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृह. टोळीच्या म्होरक्याला हे गणित पाठ असते, म्हणून कोयता पोराच्या हाती जातो. यावर वय खाली आणा, असा गलका होतो. ते सोळावर आणले तर कोयता पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती जाईल, एवढेच. वस्तुतः मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढासाठी संहितेच्या कलम ९५ मध्ये तीन ते दहा वर्षांची कैद सांगितलेली आहे, आणि गुन्हा घडला तर तो स्वतः केल्याप्रमाणे शिक्षाही.

जाता जाता, शब्दाविषयी. मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणारे जोडपे मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ असते. ज्या शब्दाने नवराबायकोचे श्रम मोजले जातात तो शहरात दहशतीचे नाव झाला. २०२३ साली पुण्यात कोयता विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी असा फतवा निघाला. हत्याराची नोंद झाली, हत्यार पोराच्या हाती देणारा बिननोंदीचाच राहिला.

तेव्हा कार्यकर्त्यांनी शिक्षावाढीच्या निवेदनावर सह्या गोळा करण्यापूर्वी आपल्या लोकप्रतिनिधीला एक प्रश्न सभागृहात विचारावयास लावावा: जिल्ह्यात कलम ९५ आजवर किती म्होरक्यांवर लागले? आणि ज्या हातगाडीवाल्याची तारीख येत्या आठवड्यात आहे, त्याच्याबरोबर चारजणांनी न्यायालयाच्या दारापर्यंत जावे.