सुशी नको? मग अप्पेपात्र काढा!

शनिवारी रात्री आठजण घरी येणार. थीम तुम्ही आधीच जाहीर करून बसलाय, जपानी! निम्म्या टीमचं अॅनिमे बघून झालंय, त्यामुळे उत्साह सॉलिड. आणि मग एकेकाचे मेसेज यायला लागतात. ‘कच्चा मासा नाहीये ना?’ ‘मला तो काळा कागद नाही आवडत हं, समुद्राचा वास येतो.’ ‘गार भात? पार्टीला?’

आता दोन मोह होतात. एक, थीम बदलून पिझ्झा मागवणं. दुसरा, ‘अरे, एक तरी खाऊन बघ’ म्हणत मागे लागणं. दोन्ही नको. आग्रह पंगतीत जिलबीला शोभतो. ज्याला नोरीच्या वासानेच कसंतरी होतं, त्याला सुशीचा पाचवा प्रकार दाखवून काय मिळणार?

मुळात सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला भात आणि त्यासोबत जे असेल ते. नुसता कच्चा मासा तो साशिमी. आणि जपानमध्ये मित्रमंडळी घरी जमली की दरवेळी सुशीच वळत बसतात असंही नाही. हाताने वळून खायची तेमाकी सुशी पार्टीत असते, पण टेबलाच्या मधोमध काहीतरी गरम शिजतंय आणि सगळे भोवती बसलेत, हा तिकडचा तितकाच लाडका प्रकार. थंडीत ‘नाबे’, म्हणजे उकळत्या रश्शात भाज्या, टोफू, मांस टाकत खायचं. नाहीतर हॉट प्लेटवर ‘ओकोनोमियाकी’. ओकोनोमी म्हणजे तुम्हाला आवडेल ते, याकी म्हणजे भाजलेलं. भरपूर कोबी घातलेलं जाडजूड धिरडं म्हणा ना! ओसाकात सगळं पिठात कालवतात, हिरोशिमात थरावर थर रचतात आणि मध्ये नूडल्स घालतात.

पण आपल्या पार्टीचा हीरो वेगळा आहे. ताकोयाकी! 1935 च्या सुमाराला ओसाकात सुरू झालेला हा पदार्थ म्हणजे पिठाचे गरमागरम गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा. घरी मित्र जमवून हे करायचा कार्यक्रम तिकडे इतका कॉमन, की त्याला ‘ताकोपा’ असं लाडाचं नावच आहे. आणि ज्या तव्यात हे करतात तो बघितलात तर तुम्ही म्हणाल, अरे, हे तर आईचं अप्पेपात्र! अगदी तेच. खळगे थोडे जास्त, बाकी फरक नाही.

तर आईकडून अप्पेपात्र पळवा. बिडाचं असेल तर उत्तम. एक वाटी मैदा, दोन अंडी, अडीच वाट्या गार स्टॉक (तो कसला, ते पुढे सांगते), चमचाभर सोया सॉस. पीठ अप्प्यांसारखं दाट नको, ताकासारखं पातळच हवं. घाबरू नका. खळग्यांना सढळ हाताने तेल लावा, पात्र चांगलं तापू द्या आणि पीठ काठोकाठ, किंचित बाहेर सांडेल इतकं ओता. मग आतला माल: चीज, मक्याचे दाणे, मशरूम, उकडलेली कोळंबी, सॉसेज, जे ज्याला चालेल ते. वर पातीचा कांदा आणि थोडं आलं. कडा धरल्या की सांडलेलं पीठ काडीने आत ढकलत गोळा पाव फेरा फिरवायचा, मग पुन्हा पाव. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ लपलपीत. पहिला घाणा सगळ्यांचाच बिघडतो, आणि मजा तिथेच सुरू होते. शेजारच्या क्युबिकलमधला अबोल मुलगाही काडी घेऊन ‘थांब, मी फिरवतो’ म्हणतो. (‘ताको’ म्हणजे ऑक्टोपस, त्यामुळे ऑक्टोपसशिवाय ही ताकोयाकी कसली, असं कोणी म्हणालंच तर म्हणू द्या. चीजवाले गोळे ओसाकातही खातात.)

सोबत तळण हवंच. चिकन खाणाऱ्यांसाठी ‘कारागे’: सोया, आलं, लसूण लावून मुरवलेले तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून दोनदा तळायचे. शाकाहारींसाठी टेम्पुरा. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले, पुढे त्यांची जहाजं गोवा-मकाव-नागासाकी अशी ये-जा करू लागली. पिठात बुडवून तळायची ही पद्धत त्यांच्याकडूनच जपानने उचलली असं मानतात. मैदा आणि बर्फाचं पाणी, बस. ओवा नाही, हळद नाही, फेटायचंही नाही, गुठळ्या राहू द्यायच्या. पाहुणे ‘ही तर भजी!’ म्हणणारच. म्हणू दे की, भजी न आवडणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आता तो स्टॉक. इथे जरा थांबा, कारण खरी भानगड इथे आहे. सुशीतला मासा निदान दिसतो. नको असेल तो उचलत नाही. पण जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला ‘दाशी’ हा स्टॉक बहुतेकदा ‘कात्सुओबुशी’ म्हणजे धुरावर सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. मिसो सूप, टेम्पुराचं डिप, नूडल्सचा रस्सा, ओकोनोमियाकीचं पीठ, सगळीकडे तो असतो, आणि वरून बघता दिसते ती फक्त टोफू आणि कांद्याची पात. इन्स्टंट दाशीच्या पुड्यांमध्येही बहुधा मासाच. तयार जपानी करीच्या वड्यांमध्ये प्राण्यांची चरबी असू शकते. वूस्टर सॉसच्या मूळ कृतीत अँकोव्ही मासे असतात. म्हणजे सुशी टाळून ‘व्हेज’ म्हणून जे वाढाल, त्यातच मासा निघायचा!

‘एवढ्याने काय होतंय, कळणारपण नाही’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला किचनबाहेर ठेवा. कोणी घरच्या संस्कारामुळे मासे खात नाही, कोणाचा श्रावण असतो, कोणाला अॅलर्जी असते. तुमच्यावर विश्वास ठेवून ती वाटी तोंडाला लावलेली असते. सोमवारी कळलं तर तो तुमच्या डब्याला पुन्हा हात लावणार नाही, आणि अॅलर्जी असेल तर सोमवारपर्यंत थांबायचीही वेळ येणार नाही. म्हणून लेबलं वाचा, हिरवा ठिपका बघा आणि आमंत्रणातच विचारा: काय चालत नाही?

आणि उपाय जपानमध्येच आहे. तिथल्या बौद्ध मठांच्या ‘शोजिन र्‍योरी’मध्ये मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तिथे स्टॉक करतात कोम्बू या समुद्री शेवाळाचा आणि सुक्या शिताके मशरूमचा. याच कोम्बूच्या रश्शावरून किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये ‘उमामी’ चव शोधली, म्हणजे पर्याय काही फिका नाही. लिटरभर पाण्यात साधारण 10 ग्रॅम कोम्बू आणि दोन-तीन शिताके रात्रभर फ्रीजमध्ये भिजत ठेवायचे. सकाळी गाळलं की झालं. मशरूम चालत नसतील तर नुसता कोम्बू. अंडं न खाणाऱ्यांसाठी पीठ वेगळं, त्यात स्टॉक थोडा कमी आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर. गोळे जरा हळवे होतात, हलक्या हाताने फिरवा. आणि हो, त्यांना पहिल्या घाण्याचा मान द्या, म्हणजे पात्राला अजून काही लागलेलं नसतं.

मधल्या वेळात चघळायला एदामामे, म्हणजे मीठ घालून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. मोठ्या दुकानांच्या फ्रीजरमध्ये मिळतात. नाही मिळाल्या तर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, जपानच्या काही भागांत त्याही आवडीने खातात.

गोडाचं टेन्शन नको. पात्र पुसा, पॅनकेकचं पीठ ओता, प्रत्येक खळग्यात चॉकलेटचा एक तुकडा. जपानी जत्रांमधल्या ‘बेबी कास्तेला’च्या जवळ जाणारा प्रकार. फक्त गॅस बारीक ठेवा, साखर लवकर करपते.